मूल आपलंच वाक्य परत म्हणतं, स्वतःचं बोलत नाही: मी दर वेळी काय काय तपासते

आधी लक्षणं लिहिते. तुमच्याकडे चाललंय ते हेच आहे का ते पाहून घ्या.

तुम्ही विचारता "पाणी पाहिजे का?" आणि मूल म्हणतं "पाणी पाहिजे का?", शब्दन्‌शब्द तेच आणि सूरसुद्धा तोच, शेवटी वर गेलेला. झोक्यावर बसायचं असतं तेव्हा तुमच्याकडे येऊन म्हणतं "तुला बसवू?". "म्हण, टाटा" म्हटलं की "म्हण टाटा" येतं. "लाल हवा की निळा?" विचारलं की निळा, "निळा की लाल?" विचारलं की लाल, म्हणजे जो शब्द शेवटी येतो तेच उत्तर. मध्येच कार्टूनमधला अख्खा संवाद, किंवा चार महिन्यांपूर्वी कुणीतरी रागावलेलं वाक्य, जसंच्या तसं. आणि जिवाला सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे विचारल्याशिवाय, सुचवल्याशिवाय स्वतःहून एक शब्द नाही, हवं असेल तिथे हात धरून ओढत नेईल पण बोलणार नाही.

अजून एक लक्षण आहे जे कुणी आधी सांगत नाही, ते म्हणजे हे परत परत येतं. बरं चाललेलं असतं, मूल छोटी छोटी स्वतःची वाक्यं करायला लागलेलं असतं, आणि मग आजारपण येतं किंवा शाळा बदलते आणि आठवड्याभरात सगळं बोलणं पुन्हा दुसऱ्याचं होऊन बसतं.

माझा मुलगा ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, आता १२ वर्षांचा. आमच्याकडे हे पहिल्यांदा झालं तेव्हा तो ३ वर्षांचा होता, मग शाळा सुरू झाली तेव्हा, मग घर बदललं तेव्हा, आणि एकदा काहीच कारण दिसत नसताना, ज्याचं कारण नंतर कान दुखणं निघालं. मधल्या वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच आईबाबांबरोबर बसून हीच यादी चालवली. मी थेरपिस्ट नाही, घरात करता येतं तेवढंच सांगतेय, आणि कुठे थांबून डॉक्टरांकडे किंवा स्पीच थेरपिस्टकडे जायचं तेही सांगते.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. हे परत म्हणणं बंद करायचं नाहीये. याला एकोलेलिया म्हणतात, आणि लोक याला पोपटपंची म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. बोलायला शिकणारी सगळीच मुलं काही काळ मोठ्यांची री ओढतात, साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत ते कमी होत जातं, ऑटिस्टिक मुलांमध्ये ते जास्त आणि जास्त काळ दिसतं. बरीच वर्षं तज्ज्ञसुद्धा याला निरर्थक समजून बंद पाडायच्या मागे होते. मग १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डूचन या अभ्यासकांनी ४ ऑटिस्टिक मुलांचं हे लगेच परत म्हणणं व्हिडिओवर घेऊन तपासलं आणि त्यात ७ वेगवेगळे उपयोग सापडले: हो म्हणणं, मागणं, आपली पाळी घेणं, स्वतःला समजावणं असे. १९८४ मध्ये प्रिझंट आणि राइडेल यांनी उशिरा परत म्हटलेल्या वाक्यांचे १४ उपयोग मांडले. म्हणजे मूल बोलतंच आहे, फक्त शब्द उसने आहेत. ते उसने शब्द हिसकावून घेतले तर हातात काहीच उरत नाही. ते सैल करायचे, तुकडे करायचे, म्हणजे त्यातून त्याचं स्वतःचं काहीतरी जुळायला लागतं.

आता तपासण्या. क्रम महत्त्वाचा आहे, सोप्या आणि बिनपैशाच्या आधी. पण एक अपवाद: मुलाची श्रवण चाचणी आजवर कधीच झालेली नसेल तर तिची वेळ आजच घ्या आणि बाकीचं सोबत चालू ठेवा.

१. तीन दिवस फक्त लिहा

एक वही घ्या आणि काही बदलायच्या आधी तीन दिवस नुसतं लिहा. तो काय म्हणाला, त्याच्या आधी लगेच काय झालं होतं, आणि नंतर त्याने काय केलं किंवा त्याला काय मिळालं. तीनच रकाने. घरातल्या सगळ्यांना लिहायला सांगा, कारण आजीला ऐकू येतं ते आईला येत नाही.

हे का, तर अर्थ शब्दांत नसतो, प्रसंगात असतो. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना कुठेही "हळू, पायरी आहे" म्हणायचा, सपाट जमिनीवर, गाडीत, एकदा तर पाहुणे आले तेव्हा. आम्ही त्याला समजावत राहिलो की इथे पायरी नाही बाळा. वही लिहिली तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी आधी काहीतरी अचानक झालेलं होतं, मोठा आवाज, अनोळखी माणूस, दिवे गेले. एकदा तो जिन्यात पडला होता आणि तेव्हा मी ते वाक्य म्हटलं होतं. त्याच्या भाषेत त्या वाक्याचा अर्थ "मला भीती वाटतेय" असा होता. त्या दिवसापासून तो तसं म्हणाला की मी त्याला जवळ घेऊन "भीती वाटली" एवढंच म्हणायला लागले, पायरीचा विषयच काढला नाही. दोन-अडीच महिन्यांनी तो "पायरी, भीती वाटली" म्हणाला आणि पुढे पायरी गळून गेली.

ऑटिझमचं सुरुवातीचं सविस्तर वर्णन करणारे डॉक्टर लिओ कॅनर यांनीही १९४६ मध्ये असाच एक मुलगा नोंदवलाय. आई स्वयंपाकघरात त्याला बालगीत म्हणून दाखवत होती आणि तिच्या हातून पातेलं पडलं, तेव्हापासून पातेल्यासारखं काही दिसलं की तो त्या गीतातले दोन शब्द म्हणायचा. आई तिथे नसती तर हे कुणालाही कळलं नसतं. तुमच्या मुलाच्या वाक्यांचा कोश फक्त तुमच्याकडे आहे, म्हणून वही आधी.

वहीतून एक गोष्ट अजून कळते, कोणती वाक्यं कुणासाठी नाहीतच. काही वाक्यं मूल एकटं असताना, स्वतःला शांत करायला किंवा नुसती मजा म्हणून म्हणतं. ती त्याची आहेत, त्यांना हात लावू नका.

२. आपण किती प्रश्न विचारतो ते मोजा

मोबाईलवर दहा मिनिटं खेळताना आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकून मोजा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा दहा मिनिटांत ४१ प्रश्न निघाले, हे काय आहे, हा कुठला रंग, कोण आलं, गाडी कुठे गेली, आणि यातल्या एकाचंही उत्तर मला खरंच हवं नव्हतं, सगळी परीक्षाच चाललेली होती. ज्या ज्या घरात हे मोजलं तिथे प्रत्येक आईबाप तो आकडा पाहून गप्प झालेत, आणि मला वाटतं यादीतलं सगळ्यात जास्त फळ देणारं हेच आहे, फुकट असून.

कारण साधं आहे. प्रश्न कळला नाही किंवा उत्तराचे शब्द सापडले नाहीत तरी समोरचा वाट बघतोय एवढं मुलाला कळतं, काहीतरी म्हणायला हवं हेही कळतं, मग हाताशी असतं ते परत देतं. जितके प्रश्न तितके पडसाद. शिवाय प्रश्नाचं वाक्य त्याने जसंच्या तसं साठवलं तर पुढे मागतानाही ते प्रश्नातच मागणार.

मग करायचं काय, तर प्रश्नाच्या जागी साधं वाक्य ठेवायचं. "गाडी कुठे गेली?" ऐवजी "गाडी खाली गेली". "हे काय आहे?" ऐवजी "अरे, मोठा फुगा!". तो बघतोय त्याबद्दल बोलायचं, आपल्याला शिकवायचंय त्याबद्दल नाही. एका प्रश्नामागे चार-पाच साधी वाक्यं, असं मी धरते. सुरुवातीला अगदी अवघडल्यासारखं होतं, बोलायला विषयच नाही असं वाटतं, आठवड्याभरात सवय होते.

३. थांबा, आणि खरंच थांबा

वाक्य म्हटलं की मनात दहापर्यंत मोजा. तोंड बंद, चेहरा उत्सुक, नजर त्याच्याकडे किंवा त्या वस्तूकडे. आपल्याला वाटतं आपण थांबतो, पण रेकॉर्डिंग ऐका, दोन सेकंदांत आपण तोच प्रश्न पुन्हा विचारलेला असतो, थोडा मोठ्याने. त्या मुलाचं अर्धं झालेलं काम तिथे पुसलं जातं आणि त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. आणि आपणच रिकामी जागा भरत राहिलो तर त्याला सुरुवात करायला जागा उरत नाही.

काही मुलं आधी परत म्हणतात आणि मग चार-पाच सेकंदांनी खरं उत्तर देतात. पहिलं म्हणणं हे त्यांचं विचार करणं असतं. तिथेच आपण "तसं नाही, नीट सांग" म्हटलं तर मागून येणारं उत्तर कधीच बाहेर येत नाही.

४. वाक्य त्याच्या बाजूने म्हणा

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मराठीत हा घोळ मोठा आहे आणि इंग्रजीत लिहिलेल्या माहितीत तो सापडत नाही.

मूल आपलं वाक्य जसंच्या तसं उचलणार हे माहीत आहे ना, मग असं वाक्य द्या की ते उचलून त्याच्या तोंडी बसलं तर बरोबर असेल. पाणी हवं असताना आपण म्हणतो "तुला पाणी देऊ?", ते उचलतं "तुला पाणी देऊ?". त्याऐवजी त्याचा हात पाण्याकडे जाताच आपणच त्याच्या वतीने म्हणायचं "पाणी दे" किंवा "मला पाणी हवं", आणि लगेच पाणी द्यायचं. आपल्याकडे क्रियापदच उलटं फिरतं: देऊ आणि दे, उचलू आणि उचल, उघडू आणि उघड, दाखवू आणि दाखव. घरात दिवसभर आपण "उघडू का? लावू का? काढू का?" करत असतो आणि मग मूल डबा पुढे करून "उघडू का?" म्हणतं तेव्हा त्याला मी-तू कळत नाही असं आपण ठरवून टाकतो. त्याला ते अवघड जातं हे खरं, पण आपण त्याला दुसरं रूप ऐकवलेलंच नसतं.

दुसरं म्हणजे लिंग. मी आई, मुलगा माझं ऐकून म्हणायचा "मी येते", "मी पडले". यात त्याची चूक काहीच नव्हती, त्याने मी बरोबर पकडला होता आणि त्याबरोबर मीच म्हणते तो शेवट पकडला होता. मुलाच्या वतीने बोलताना आई असलात तरी "मी आलो", "मी पडलो" म्हणा, आणि बाबा मुलीच्या वतीने बोलत असतील तर "मी आले". लोकांसमोर विचित्र वाटतं, वाटू द्या.

"म्हण" हा शब्द घरातून काढून टाका. "म्हण, नको" यातलं "म्हण" हे मुलाला वाक्याचाच भाग वाटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे थोड्या दिवसांत मूल "म्हण" ऐकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. "काय म्हणायचं?" तेच. नुसतं "नको" म्हणून दाखवा, त्याच्या वतीने, आणि वस्तू बाजूला करा.

आणि वाक्यं छोटी पण पूर्ण, जिवंत सुरात. या मुलांना शब्दाआधी सूर लागतो, म्हणून तर कार्टूनमधली वाक्यं टिकतात. सपाट आवाजात शंभर वेळा सांगितलेला शब्द आत पोचत नाही आणि एकदा घाबरून ओरडलेलं वाक्य वर्षभर राहतं. "मस्त झालं!", "मदत कर ना", "बास आता", "चल जाऊ" ही वाक्यं रोज दहा ठिकाणी उपयोगी पडतात, ती सुरात म्हणत राहा.

५. बोलायला कारण आहे का बघा

प्रेमळ घरात ही अडचण हमखास असते. पाण्याची बाटली समोर, खेळणी हाताशी, तोंडावरून सगळं ओळखणारी आई. मग बोलेल कशाला? आवडती गाडी पारदर्शक डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा, फुगा फुगवून हवा सोडून द्या आणि त्याच्या हातात ठेवा, झोका दोनदा ढकलून तिसऱ्यांदा धरून ठेवा, एकच पायमोजा द्या. आणि थांबा, तिसऱ्या तपासणीतलं. तो बघेल, हात पुढे करेल, काहीतरी आवाज काढेल किंवा जुनं एखादं वाक्य म्हणेल. ते सगळं चालेल, लगेच द्या आणि देताना योग्य वाक्य म्हणा.

वस्तू ओलीस धरू नका. "नीट बोललास तरच देईन" याने मूल बोलायला शिकत नाही, बोलणं म्हणजे कटकट हे शिकतं. आणि तहान लागल्यावर पाणी, संडासला जाणं, जवळ घेणं यांवर तर कधीच अट नको.

फक्त मागणं म्हणजे बोलणं नाही, हे मला फार उशिरा कळलं. दोन वर्षं आमचा मुलगा मागण्यांत पक्का झाला आणि बाकी काहीच बोलेना, कारण आम्ही दुसरं कशाला कारणच दिलं नव्हतं. नको म्हणणं, तक्रार, दाखवणं, "बघ!" हे सगळं यायला हवं. बूट डोक्यावर घाला, दिवा लागत नाही असं करा, नेहमीच्या वाटेने जाताना उलटीकडे वळा. चुकलेल्या गोष्टीवर मूल आपणहून बोलतं. आमच्याकडचं पहिलं स्वतःचं वाक्य "आई बूट नाही" हे होतं, मी बूट हातात घालून बसले होते तेव्हाचं. कुठूनही ऐकलेलं नव्हतं ते. मी ते वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.

६. साठवलेल्या वाक्यांची तोडजोड

वरचं पाच-सहा आठवडे नीट झालं की इथे या. मुलाच्या तोंडात बसलेलं मोठं वाक्य घ्या आणि एकच तुकडा बदलून परत म्हणा. तो म्हणतो "चल फिरायला जाऊ", तुम्ही म्हणा "चल झोक्यावर जाऊ", दुसऱ्या वेळी "चल आंघोळीला जाऊ". मग "झोक्यावर बसू". हेतू हा की वाक्य म्हणजे एकसंध दगड नसून त्याचे तुकडे सुटतात आणि दुसरीकडे लागतात हे त्याला ऐकू यावं. शिकवायचं नाही, पाठ करून घ्यायचं नाही, फक्त ऐकवायचं. पुढे तोच "चल आई जाऊ झोका" असलं काहीतरी मोडकं बोलेल आणि तेव्हा प्लीज दुरुस्त करू नका. व्याकरण मोडलं म्हणजे वाक्य त्याचं स्वतःचं आहे, उसनं असतं तर मोडलं नसतं.

अख्ख्या वाक्यांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने मोकळ्या बोलण्याकडे नेणारी एक पद्धत सध्या खूप चालते, जेस्टाल्ट भाषा या नावाने. तिच्यातला मुलाच्या वाक्याला मान देण्याचा भाग मला पटतो आणि मी वापरते. पण २०२४ मध्ये या पद्धतीच्या परिणामांचे अभ्यास शोधले गेले तेव्हा निकषात बसणारा एकही हाती लागला नाही, तेव्हा तिचे टप्पे काटेकोर पाळण्यासाठी महागडा कोर्स घेऊ नका, आणि कुणी एकेक सुटा शब्द म्हणून दाखवणं बंदच करा असं सांगत असेल तर विचार करा.

७. उत्तर माहीत नसेल तर काय म्हणायचं हे त्याला येतं का

हे छोटंसं आहे पण बऱ्याच घरात याच्यावर अडतं. १९७८ मध्ये श्राइबमन आणि कार या संशोधकांनी मुलांना न कळलेल्या प्रश्नाला "मला माहीत नाही" एवढं म्हणायला शिकवलं आणि प्रश्न परत म्हणणं कमी झालं, न शिकवलेल्या प्रश्नांनासुद्धा. घरात करायचं तर दोन मोठ्यांनी मिळून करा. बाबांनी आईला काहीतरी अवघड विचारायचं, आईने खांदे उडवून "माहीत नाही" म्हणायचं, हसायचं. मूल बघत असतं. "परत सांग" आणि "कळलं नाही" हेही तसंच. हो आणि नाही मात्र आधी प्रत्यक्ष गोष्टीवर, नावडती वस्तू पुढे करून "नको", आवडती पुढे करून "हो", असंच येतं, "हे पुस्तक आहे का?" असल्या प्रश्नांनी येत नाही.

८. झोप, पोट, दुखणं, गोंगाट

एकोलेलिया अचानक वाढला तर भाषेकडे नंतर बघा, आधी शरीराकडे. ताण वाढला की मूल जुन्या, खात्रीच्या वाक्यांकडे परत जातं. झोप कमी झालीय का, पोट साफ आहे का, दात येतोय किंवा किडलाय का, वर्गात नवीन गोंगाट आहे का, टीव्ही सतत चालू आहे का. आमच्याकडे कान दुखत होता आणि मुलाला दुखतंय हा शब्द वापरता येत नव्हता, तो दिवसभर एका कार्टूनमधलं रडण्याचं वाक्य म्हणत होता आणि आम्ही ते कार्टून बंद केलं. तीन आठवडे गेले त्यात. म्हणून आता वाढ दिसली की मी आधी ताप, कान, दात, पोट, झोप बघते आणि मगच वही काढते.

९. बोलण्याशिवाय दुसरा रस्ता द्या

चित्रांची कार्डं, खुणा, किंवा बोट लावलं की बोलणारं ॲप. आईबाबा याला घाबरतात, चित्रं दिली तर बोलायचं राहून जाईल म्हणून. मीही घाबरले आणि एक वर्ष घालवलं. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये विकासात अडचण असलेल्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले, त्यातल्या भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं यामुळे घटलं नाही आणि ८९ टक्के लोकांचं वाढलं, वाढ बहुतेकांची माफक होती पण वाढली. उपयोग का होतो, तर चित्र समोर राहतं, बोललेला शब्द हवेत विरतो. शब्द शोधायचा ताण कमी झाला की परत म्हणायची गरजही कमी होते.

पण कार्ड फक्त मुलाने वापरायचं असं ठेवलं तर चालत नाही, आपणही बोलताना त्यावर बोट ठेवायचं. आणि ते रागात काढून घ्यायचं नाही, कुणाचा आवाज काढून घेत नाहीत तसंच. कुठली पद्धत, किती चित्रं, कसं वाढवायचं हे थेरपिस्टबरोबर बसून ठरवलेलं बरं, म्हणून हे शेवटी.

घरची भाषा सोडू नका हेही इथेच सांगते. मूल गोंधळतं म्हणून एकच भाषा बोला असा सल्ला आम्हालाही मिळाला होता, पण दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आईबाबा ज्या भाषेत हसतात-रडतात त्याच भाषेत मुलाला जिवंत सूर मिळतो.

कुठे थांबायचं

या गोष्टी दिसल्या तर घरचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांकडे जा, वाट बघू नका.

येत असलेले शब्द गेले, किंवा आधी समजत होतं ते बोलणं समजेनासं झालं. कुठल्याही वयात. विशेषतः ३ ते ७ वर्षांच्या दरम्यान भाषा अशी गळायला लागली तर लँडाउ-क्लेफनर नावाचा दुर्मीळ आजार तपासावा लागतो, त्यात झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढतात, आणि फिट दिसल्याच पाहिजेत असं नाही. मूल मधेच काही सेकंद एकटक बघत राहतं आणि हाक, स्पर्श काही कळत नाही, अंगाला झटके येतात, तर मेंदूविकार तज्ज्ञ, आणि जमलं तर व्हिडिओ काढून न्या.

हाक मारली तर वळत नाही, आवाज मोठा लागतो, वारंवार सर्दी होते आणि कान दुखतो, तर श्रवण चाचणी. लहान मुलाची बेरा चाचणी (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते यंत्राने बघणारी) झोपेत होते, त्याने बोलून सहकार्य करायची गरज नसते. दार वाजलं की बघतो म्हणजे ऐकू येतं असं धरू नका, काही आवाज ऐकू येऊन काही न येणं शक्य आहे आणि मग बोलणं अर्धवटच पोचतं.

मूल स्वतःला मारतंय, चावतंय, खाणंपिणं एकदम कमी झालंय, तर भाषा बाजूला ठेवा.

आणि यातलं काही नसलं तरी पहिल्या पाच गोष्टी तीन महिने मनापासून करून वहीत काहीच हललं नाही, तर स्पीच थेरपिस्टशिवाय पुढे जाऊ नका. अजून निदानच झालं नसेल तर तीन महिनेसुद्धा थांबू नका.

थेरपिस्ट निवडताना मी एकच विचारते, मूल परत म्हणतं तेव्हा तुम्ही काय करता? "गप्प करतो", "दुर्लक्ष करतो", "बरोबर म्हणेपर्यंत वस्तू देत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. "आधी का म्हणतोय ते बघते" असं आलं तर बसा. अमुक महिन्यांत बरं करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून मोठमोठी वाक्यं टाइप करून घेणाऱ्यांपासूनसुद्धा, १९९० च्या दशकात याच्या चाचण्या झाल्या तेव्हा मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं की टाइप व्हायचं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. ते शब्द मुलाचे नव्हतेच.

पहिल्या भेटीला जाताना वही न्या, तीन-चार छोटे व्हिडिओ न्या, एक मूल खुश असतानाचा, एक काही मागतानाचा, एक परत परत म्हणतानाचा, आणि त्याच्या नेहमीच्या दहा-बारा वाक्यांची यादी, प्रत्येकापुढे तुमच्या मते त्याचा अर्थ लिहून. आमच्या यादीत पहिली ओळ "हळू, पायरी आहे" अशीच होती.